चांदीचं पाणी, आयोडीनचं पाणी

परवा नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे हंडे बघितले आणि आजी आठवली. रात्री भरायची, सकाळी प्यायला द्यायची. मंडळी, अंतराळातही असंच धातूचं प्रकरण आहे! अपोलोत अंतराळवीर रोज पाण्यात क्लोरीन सोडायचे. चवीबद्दल तक्रारी भरपूर. 1973 च्या स्कायलॅबमध्ये अमेरिकेने आयोडीन घेतलं. रशियन मात्र चांदीवर ठाम. 2009 पासून स्पेस स्टेशनच्या अमेरिकन भागात लघवीचंही पिण्याचं पाणी होतं, पण आयोडीन थायरॉइडला त्रासदायक, म्हणून पिण्याआधी काढून टाकावं लागतं. चांदी थोडीशी पोटात गेली तरी चालते. दोन्ही पाणी मिसळलं तर? सिल्व्हर आयोडाइडचा साका, दोन्ही औषधं वाया. म्हणजे एकाच घरात दोन माठ! मंगळासाठी आता नासाही चांदीचा विचार करतेय. अडचण एवढीच, चांदी पाण्यात राहण्याऐवजी टाकीच्या धातूवर जाऊन बसते.