विरारचं क्रिकेट आणि घरचं माणूस

मुंबई क्रिकेटचा इतिहास आपण मैदानांच्या आणि गुरूंच्या नावांनी सांगत आलो. शिवाजी पार्क म्हटलं की रमाकांत आचरेकर, आझाद मैदान म्हटलं की हॅरिस शिल्ड. वसई-विरारकडून पाहिलं तर हा इतिहास अपुरा वाटतो, कारण इथल्या मुलाची पहिली गाठ गोलंदाजाआधी अंतराशी पडते. विरार ते चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर. 1867 साली विरारहून मुंबईला दिवसाकाठी एक गाडी सुरू झाली, 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली, 2009 मध्ये महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 12 लाखांवर गेली. माणसं उत्तरेला सरकत गेली, पण नाव करायची मैदानं दक्षिणेतच राहिली. ही तफावत मुलांनी एकट्याने भरून काढली नाही. घरातल्या कुणीतरी आपली मिळकत, झोप किंवा राहती जागा देऊन ती भरली, आणि क्रिकेटच्या इतिहासात त्या माणसाची नोंद प्रशिक्षकाच्या शेजारी व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

पृथ्वी शॉचं उदाहरण घ्या. घराणं मूळचं बिहारमधल्या गयेचं, बिऱ्हाड विरारला. आई मुलाच्या लहानपणीच गेली. वडील पंकज शॉ यांचा कपड्यांचा धंदा होता. मुलाला सांभाळायचं आणि रोज वांद्र्याला सरावाला न्यायचं, यासाठी त्यांनी तो गुंडाळला. हा प्रवास काय असतो हे या लाइनवर राहणाऱ्यांना सांगायला नको. विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, पण भाईंदर येईपर्यंत डबा भरतो आणि पायाशी ठेवलेली किटबॅग सगळ्यांच्या शिव्या खाते. चर्चगेटकडे जाणारी सकाळची गर्दी आणि सरावाला निघालेलं पोर, दोघांची दिशा एकच. अशा गाडीत लहान मुलाला एकटं सोडता येत नाही, म्हणजे बापाची सकाळ गेली. सराव संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे दिवसही गेला. नोव्हेंबर 2013 मध्ये रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून पृथ्वीने हॅरिस शिल्डमध्ये 330 चेंडूंत 546 धावा केल्या. तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीचे बापाचे दिवस कुठल्या धावफलकात बसणार?

दुसरा पुरावा विरारच्या पुढचा, पालघरचा. तिथे उपनगरी लोकल 2013 मध्ये पोचली. शार्दूल ठाकूर शाळेत होता तेव्हा ती नव्हतीच. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरातला हा मुलगा दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. लाड बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत क्रिकेट शिकवत. रोहित शर्माही तिथलाच. शाळा बदलायला शार्दूलच्या वडिलांची तयारी नव्हती, रोजचा एवढा लांबचा प्रवास मुलाला झेपणार कसा? लाड यांनी पत्नीशी बोलून मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे त्याने हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. लाड यांना 2022 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्यांच्या शिकवण्यातला निर्णायक धडा नेटमध्ये दिला गेला नव्हता. तो स्वयंपाकघरात एक पान वाढवून दिला गेला, आणि त्यात पत्नीचा वाटा निम्म्याहून कमी धरता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की खरी गुणवत्ता कशीही वर येते. मग सचिन तेंडुलकरचं काय? वांद्रे ते दादर हे अंतर विरारकरांच्या लेखी अंतरच नव्हे. तरी शारदाश्रमात गेल्यावर तोही शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. पृथ्वीचं कुटुंबही पुढे सांताक्रूझला राहायला गेलं, एका आमदाराने जागेची सोय केली म्हणून. तिन्ही ठिकाणी गुणवत्ता होतीच. तिला दिवसाचे तास मिळाले ते कुणीतरी छप्पर दिल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याला यशस्वी झालेल्यांचेच बाप दिसतात; तितकंच सोसून मुलगा कुठल्याच संघात न आलेले कितीतरी असतील. हे मला मान्य आहे. म्हणून घराचा आधार मिळाला की खेळाडू घडतोच, असा माझा दावा नाही. एवढ्या लांबून तो आधाराशिवाय घडणं जवळजवळ अशक्य, एवढाच आहे. शिवाय हा आधार बहुतेक घरांत मुलग्यालाच मिळाला, हेही लिहून ठेवलं पाहिजे. बापाने धंदा सोडला की त्याचं ओझं पोराच्या खांद्यावर येतं, असंही कुणी म्हणेल, आणि पृथ्वीच्या नंतरच्या चढउतारांकडे बोट दाखवेल. राजकोटला 2018 मध्ये पदार्पणातच 134 धावा, 2024 मध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, पुढच्या वर्षी महाराष्ट्राकडे. पण पंचविशीतल्या खेळाडूच्या सरासरीवरून बापाच्या संगोपनाचा निकाल लावणं मला उथळ वाटतं.

राहता राहिला आजचा युक्तिवाद: आता वसई-विरारमध्येच टर्फ आणि अकादम्या आहेत, मग घरच्या माणसाची गरज कशाला? सराव घराजवळ होतो, हे खरं. पण मुंबईच्या संघाचा रस्ता अजून वांद्रे-कुर्ला संकुल आणि वानखेडेकडूनच जातो, आणि तिकडे जाणारी गाडी धरायला बारा वर्षांच्या मुलाला अजूनही कुणीतरी उठवावं लागतं.