नागभीडहून वैद्यकाच्या वाटा

नागभीडच्या मुलाला डॉक्टर व्हावयाचें, तर अरुंद रुळांच्या गाडीनें नागपूर गांठावें लागे. तेथें वाटा दोन होत्या. मॅट्रिकनंतर रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्यें शिरल्यास लायसेन्शिएटची पदविका बेताच्या खर्चांत मिळे. पदवीच हवी, तर आधीं इंटर सायन्स, मग मुंबईसारख्या दूरच्या शहरीं राहणें. अर्थात् घरची ऐपत असली तर!

१९४६ सालीं भोर समितीनें पदविका बंद करून पदवी तेवढी ठेवावी, असें सुचविलें. देशांतील ४७,५२४ नोंदलेल्या डॉक्टरांपैकीं २९,८७० लायसेन्शिएट होते. खेड्यांसाठीं ते हवेतच, असें सहा सभासदांनीं बजावलें. बहुमतापुढें तें चाललें नाहीं. १९४७ सालीं नागपुरास मेडिकल कॉलेज निघालें. पदवी जवळ आली खरी. पण इंटरला जीवशास्त्र न घेणाऱ्यास तिचें दार बंद होतें, आणि हा निर्णय मॅट्रिकच्या उन्हाळ्यांतच करावा लागे.