पुणे जिल्ह्यातील बटाट्याचे बेणे : घरची राखण आणि परावलंबन

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासलीच्या परिसरात भात हे मुख्य पीक होय. वाळवलेले भाताचे बी पुढील पावसाळ्यापर्यंत घरात सहज टिकते. बटाट्याचे बेणे मात्र जिवंत कंद असून त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणूनच जिल्ह्याच्या उत्तर भागात बेणे राखण्याचा इतिहास भातापेक्षा वेगळा घडला.

पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आलेला बटाटा १९व्या शतकाच्या उत्तरार्धात खेड व जुन्नर भागांत रुजला होता. रब्बीचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि खरिपाची लागवड जून-जुलैत होते. मधला उन्हाळा कंदांना सावलीतील अरणीत काढावा लागे. उलट खरिपाचे ताजे कंद सुमारे दोन महिने सुप्तावस्थेत राहत असल्याने रब्बीच्या लागवडीस उपयोगी पडत नसत. १८९२ मध्ये जिल्ह्यात ‘बांगडी’ रोगाची नोंद झाली. कापलेल्या कंदात तपकिरी कडे दाखविणारा हा रोग बेण्याबरोबर पुढील पिकात जातो.

याच काळात इटलीहून बेणे आयात होऊ लागले. त्याबरोबर १९०६ च्या सुमारास बटाट्याचा पतंग मुंबई इलाख्यात आला. त्याची अळी डोळ्यांतून शिरून साठवलेले कंद पोखरते. अशा रीतीने बाहेरच्या बेण्याने घरचे बेणे राखणे अधिकच कठीण केले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे कृषी संचालक झालेले हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह बटाट्याच्या लागवडीचा व रोगांचा अभ्यास केला.

१९४९ मध्ये केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली. मावा किडीने पसरणारे विषाणू कंदात साचून दरपिढी उत्पादन घटवितात. त्यावर उत्तरेच्या मैदानात, मावा कमी असलेल्या हिवाळ्यात बेण्याचे पीक घेऊन पाला वेळीच कापण्याची पद्धत डॉ. पुष्करनाथ यांनी मांडली. परिणामी इटलीची जागा पंजाबने घेतली. आंबेगावच्या सातगाव पठारावरील खरीप बटाट्यासाठी आजही बेणे मंचरच्या बाजारात पंजाबहून येते.

२००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बियाणे राखण्याचा व पेरण्याचा हक्क मान्य केला आहे. तथापि, पुणे जिल्ह्यातील बटाट्याचे परावलंबन या कायद्याच्या कितीतरी आधीचे असून ते हवामान व रोग यांतून निर्माण झाले आहे. त्यामुळे परवडणारे शीतगृह आणि जवळपास निरोगी बेण्याची सोय यांवाचून हा हक्क बटाटा उत्पादकाला प्रत्यक्षात वापरता येत नाही, असा निष्कर्ष निघतो.