जिजाऊंच्या माहेरची वस्ती

दर 12 जानेवारीला आपल्यातल्या कितीतरी जणी सिंदखेड राजाला जातात. वाड्याच्या दरवाज्यापाशी गर्दीत उभ्या राहतात, आतल्या म्हाळसा महालात जिजाऊंच्या जन्मस्थळी डोकं टेकवतात, बाहेर चहा घेऊन परत गाडीत बसतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. एकदा गाडी चुकली आणि दोन-तीन तास गावातून पायी फिरले, तेव्हा कळलं की आपण बघतो तो नुसता दरवाजा. बाकी अख्खी वस्ती राहूनच जाते.

सिंदखेड हे लखुजी जाधवरावांचं गाव. ते निजामशाहीतले मोठे सरदार. त्यांच्या नि म्हाळसाबाईंच्या पोटी 1598 साली जिजाऊ जन्मल्या. तेव्हाचा वाडा म्हणजे आताच्या बंगल्यासारखं एकटं घर नव्हे. वाड्याभोवती कारभारी, शिपाई, कारागीर, विणकर, पाणी भरणाऱ्या, दळणाऱ्या अशा सगळ्यांची घरं लागत. आज वाड्याचा भव्य दरवाजा, दगडी जोती नि काही दालनं शिल्लक आहेत, वरचे मजले गेले. जवळच रंगमहाल आहे. रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ नि शहाजी यांनी एकमेकांवर रंग उडवला, ती गोष्ट तिथलीच सांगतात.

वरचे मजले कसे असतील म्हणता? तर आपल्या गावातला जुना वाडा आठवा. खाली दगडी जोतं, त्यावर हात-दोन हात जाडीच्या विटा-मातीच्या भिंती. दारातून आत गेलं की ढाळज, तिथं पुरुषांची बैठक. मग उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, तिच्यामागे माजघर नि देवघर. रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच, उजेड-वारा सगळा चौकातून. उन्हाळ्यात आत गार वाटतं ते त्या जाड भिंतींमुळे. पण हेही खरं, की त्या भिंतींनी आपल्या पणज्यांना ढाळजेच्या पलीकडं फारसं येऊ दिलं नाही. गारवा आणि कोंडमारा एकाच भिंतीचा.

साध्या घरांचं धाबं वेगळं. सागाच्या नाहीतर मिळेल त्या लाकडाच्या तुळया, त्यावर काड्यांचा थर, वर पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरसाल खारी माती टाकून धाबं दाबायचं, भिंती सारवायच्या. हे काम बहुतेक बायांचंच. म्हणजे घर एकदा बांधलं तरी ते उभं ठेवलं बायांनी, वर्षानुवर्षं. कोणत्याही शिलालेखात हे सापडायचं नाही! आणि ती माती कुठून यायची? कितीतरी गावांत पडक्या गढीची पांढरी माती खणून. गढी एवढी लहान का झाली असं कुणी विचारलं, तर उत्तर आपल्याच घरांच्या धाब्यांवर आहे.

आता पाणी. मोती तलावाचा बांध बघा, समोरून किल्ल्याच्या तटासारखा बांधलाय. चांदणी तलाव आहे. पुतळा बारव आहे, तिच्यावर कोरलेल्या मूर्तींमुळेच तिला ते नाव पडलं. बारवेच्या पायऱ्या सुंदर आहेत, फोटो छान येतात. पण भरली घागर डोक्यावर, दुसरी कमरेवर घेऊन त्या चढायच्या म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

या वस्तीनं सुखापेक्षा दुःख जास्त पाहिलं. जुलै 1629 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजींना, त्यांच्या मुलांना आणि नातवाला दग्यानं मारलं. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. महिने मोजून बघा. बाप-भावांच्या मरणाची बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, आणि त्यांचं झालं शिवनेरीवर. आपण जिजाऊंना आई म्हणून ओळखतो, पण माहेर असं हिसकलेली लेक म्हणून त्यांच्याकडं क्वचितच बघतो.

पुढं 1757 मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई सिंदखेडलाच झाली. 1804 मध्ये इथून गेलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीनं लिहून ठेवलं की लोक शेकड्यांनी उपाशी मरतायत आणि मदत करायला सरकार म्हणून काही उरलेलं नाही. वाडे पडतात ते नुसत्या तोफांनी नाही. धाब्यावर माती टाकायला माणूस उरत नाही, तेव्हाही पडतात.

गावात लखुजींची मोठी समाधी आहे. 2024 साली पुरातत्त्व खात्याची माणसं तिची दुरुस्ती करत होती. बाजूला काही दगड दिसले म्हणून खणलं, तर जुन्या देवळाचा पाया लागला. आणखी खाली, सव्वादोन मीटरवर, शेषावर पहुडलेल्या विष्णूची मूर्ती निघाली, 1.7 मीटर लांब, पायाशी लक्ष्मी. सव्वादोन मीटर म्हणजे बाईनं हात वर केला तरी बहुतेक जणींची बोटं पोचणार नाहीत एवढं खोल. त्याच्यावरून इतकी वर्षं माणसं चालत होती.

आपल्या गावातले जुने वाडे आता भराभर उतरतायत, स्लॅब पडतोय. गळक्या धाब्याखाली रात्र काढलेलीनं स्लॅब मागितला तर तिला मी नाव ठेवणार नाही. फक्त घर पाडायच्या आधी गटातल्या चौघी जणींनी घरातल्या म्हाताऱ्या आजीला एकदा आतून फिरवून आणा. बळद कुठं होतं, बाळंतिणीची खोली कोणती, पेव कुठं पुरलंय, हे ती दाखवील. तिच्यापाशी वही-पेन घेऊन बसा, कारण तिचे गुडघे आता रोज तेवढं चालू देत नाहीत.