एक जूनची माणसं

मंडळी, एक प्रयोग करून बघा. तुमच्या घरातल्या, सोसायटीतल्या साठीपुढच्या लोकांच्या जन्मतारखा विचारा. १ जून ही तारीख इतक्या वेळा ऐकू येईल की महाराष्ट्रातल्या समस्त आयांनी त्या दिवशीचा मुहूर्त काढून ठेवला होता की काय, असं वाटावं. आमचे बाबाही त्यातलेच. शाळेच्या दाखल्यावर, सर्व्हिस बुकात, पासपोर्टवर एकच तारीख: १ जून १९५६.

आणि ती साफ खोटी आहे.

डेटाबेसशी रोज झटापट करणाऱ्यांना हे लगेच कळेल. फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा ठेवता येत नाही, खरी माहिती हाताशी नाही, मग ऑपरेटर काय करतो? डिफॉल्ट व्हॅल्यू टाकतो. १ जून ही आपल्या दोन-तीन पिढ्यांची डिफॉल्ट व्हॅल्यू. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला १९६९ मध्ये. त्याआधी नोंदी होत नव्हत्या असं नाही, पण घरी झालेल्या बाळंतपणाची वर्दी द्यायला कोण जातंय? पुढे शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तर विचारणार, "जन्मतारीख?" आणि आजोबा म्हणणार, "असेल की पाच-सहा वर्षांचा." शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. १ जूनला सहा वर्षं पूर्ण दिसली की काम झालं!

बाबांचं नेमकं असंच झालं. पण ही तारीख त्यांना महागात पडली. सरकारी नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्या महिन्यात वाढदिवस येतो, त्याच्या अखेरीला निवृत्ती. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची गाडी आणखी एक स्टेशन आधीच थांबते. तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. बाबा ३१ मे २०१४ ला निवृत्त झाले. तारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. त्या वयात निवृत्तीचा विचार कोण करतो? शिवाय खरी तारीख कोणती, हे तरी कुठे माहीत होतं!

माहीत होतं ते आत्याला. ती बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी. तिच्याकडे तारीख नव्हती, गोष्ट होती. "सिंहस्थाचं वर्ष. पंचवटीत साधूंची ही गर्दी! गंगेला पाणी होतं. नारळी पौर्णिमा होती, आणि शेजारणी म्हणत होत्या, पोरी, तुला राखी बांधायला भाऊ झाला." (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी.)

आता तुम्ही म्हणाल, ही काय नोंद झाली? पण नीट बघा, हा अगदी व्यवस्थित टाइमस्टॅम्प आहे. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिकला सिंहस्थ. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी साधारण ११.८६ वर्षांची, म्हणून बारा वर्षांनी एकदा. १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६. दाखल्यावरचं साल आणि आत्याचा सिंहस्थ जुळतात. त्या वर्षी नारळी पौर्णिमा एकदाच आली. एका शनिवारी छोटा प्रोग्राम लिहून मागे मागे मोजत गेलो आणि उत्तर मिळालं: २१ ऑगस्ट १९५६.

म्हणजे १ जूनला पावणेतीन महिने कमी. खऱ्या तारखेने बाबा ३१ ऑगस्टपर्यंत नोकरीत राहिले असते. तीन महिन्यांचा पगार गेला! हे सांगितल्यावर बाबा दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, उगाच शोधलं.

त्यांना साठ पूर्ण होणार होती ती २०१६ मध्ये. आपल्याकडे साठीचं एवढं कौतुक का, तर संवत्सरांची नावं साठ. गुरूचे बारा आणि शनीचे तीस यांचा लसावि साठ, आठवतंय ना शाळेतलं? बाबा जन्मले तेव्हा शके १८७८, दुर्मुखनाम संवत्सर. २०१६ मध्ये शके १९३८, पुन्हा दुर्मुख. (नावावर जाऊ नका, बाबा तसे हसरे आहेत. :) ) ताई तेव्हा लंडनला होती. तिने फर्मान काढलं की साठी इकडेच करायची. २ ऑगस्टला गंगेला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, आणि त्या चिखलातून कपडे वाळवत आम्ही पुढच्या आठवड्यात विमानात बसलो. आई-बाबांचा पहिलाच परदेश प्रवास.

त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांच्या घरातला मुलगाही असाच लंडनला गेला होता. दादासाहेब फाळके, फेब्रुवारी १९१२. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून, कॅमेरा आणि चित्रपटाचं तंत्र आणायला. ३० एप्रिलला वाढदिवस, पण केक कापायला ते लंडनला थांबले नाहीत. त्याआधीच मुंबईला परत येऊन कामाला लागले होते! त्या काळी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघत. आम्ही मात्र फराळाच्या डब्यांसकट निर्धास्त.

आता प्रश्न असा, की वाढदिवस कधी करायचा? पासपोर्टची तारीख जूनमध्येच होऊन गेलेली. कॅलेंडरने २१ ऑगस्ट. पण नारळी पौर्णिमा त्या वर्षी होती १८ ऑगस्टला. हिशोब करून पाहिला. १९५६ च्या नारळी पौर्णिमेपासून मोजून ७४२ पौर्णिमा झाल्या होत्या, आणि त्यांचे दिवस साठ सौर वर्षांपेक्षा तीन-सव्वातीनने कमी पडतात. चंद्राचं घड्याळ तीन दिवस पुढे.

१७ तारखेला ग्रिनिचला गेलो. वेधशाळेच्या अंगणात ती सुप्रसिद्ध स्टेनलेस स्टीलची रेघ आहे. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला रांग. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ही रेघ जगाचं शून्य ठरली. मी सवयीप्रमाणे मोबाईलवर जीपीएस उघडलं, तर शून्य येईना! जीपीएसचं शून्य या रेघेच्या पूर्वेला सुमारे १०२ मीटरवर आहे. मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, रेघ तिथेच राहिली.

बाबांना मग इंग्रजांची आणखी एक गंमत सांगितली. १७५२ मध्ये त्यांनी कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. अकरा दिवस गायब. आणि आपल्या शिवजयंतीचं काय? फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरकारी सुट्टी १९ फेब्रुवारीला, पण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. त्यामुळे तिथीवाले आणि तारीखवाले आजही दोन जयंत्या करतात.

बाबा रेघेकडे बघत म्हणाले, "म्हणजे यांचाही एक जूनच आहे की!"

मग बाकावर बसल्यावर म्हणाले, "मास्तरांनी खरी तारीख लिहिली असती तर जून बासष्टला माझी सहा पूर्ण होत नव्हती. शाळेत घेतलंच नसतं. एक वर्ष घरी गेलं असतं. मास्तरांनी एक वर्ष दिलं आणि सरकारने तीन महिने कापले. नफ्यातच आहे मी." हा हिशोब माझ्या प्रोग्रामला सुचला नव्हता.

१८ तारखेला पहाटे चार वाजता फोन वाजला. नाशिकमध्ये साडेआठ वाजले होते, आत्याची पूजा आटोपली होती. "बंड्या, उठलास का? राखी बांधली का पोरीने?" तिने पाकिटातून पाठवलेली राखी ताईने बाबांच्या हातावर बांधली. आईने औक्षण केलं, तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला दिलं. संध्याकाळी केकऐवजी नारळी भात, आणि ताईच्या हट्टाखातर त्याच्यावर एक मेणबत्ती. ती भातात तिरकी झाली. फुंकर मारताना बाबांनी फोन समोर धरला होता, आत्याला दिसावं म्हणून.

आत्या २०२१ मध्ये गेली. दाखला खोटा, पत्रिका नाही, आजी-आजोबा कधीच गेलेले. बाबांच्या जन्माची एकमेव नोंद म्हणजे ती होती. तिची गोष्ट आम्ही रेकॉर्ड करून ठेवली नाही. एवढे मोबाईल, एवढ्या हार्ड डिस्क घरात, पण सुचलं नाही. जे माझ्या डोक्यात होतं ते वर लिहिलं आहे.

तुमच्याही घरी एखादं १ जूनचं माणूस असेल. त्यांच्या जन्माच्या दिवशी पूर होता की सण, कोण घरात होतं, हे ज्यांना आठवतंय त्यांना या शनिवारी-रविवारी फोन करा. तारीख मी काढून देतो.