प्यायचा चहा आणि गिळायचा चहा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ असे दोन शब्द आले, की दुसऱ्या दिवशी घरात ग्रीन टीचा डबा येतो. यकृत आणि हिरवा चहा ही जोडी जुळली कशी, ते आज आपण पाहू.

सुरुवात जपानपासून. १२११ साली एइसाई या झेन भिक्षूने ‘किस्सा योजोकी’ हा चहावरचा ग्रंथ लिहिला. चहा हे औषधच, असं तो सांगतो; पण कोणाचं? त्याच्या हिशेबात आंबट चव यकृताची आणि कडू चव हृदयाची. म्हणजे चहा हृदयासाठी!

मग यायचं थेट १९२९ मध्ये. मिचियो त्सुजिमुरा या जपानी संशोधिकेने हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं केलं. काळ्या चहात पानांचं ऑक्सिडीकरण होऊन कॅटेचिन बरंचसं बदलून जातं. हिरव्या चहात पानं आधीच वाफवतात किंवा भाजतात, त्यामुळे ते टिकतं.

आता यकृताची बाजू. दारूचं व्यसन नसलेल्यांच्या यकृतातही चरबी आणि दाह असतो, हे १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांच्या अभ्यासातून मांडलं आणि त्याला नाव दिलं. २०२३ मध्ये या आजाराचं नावच बदलून ते चयापचयाच्या बिघाडाशी जोडलं गेलं.

इथे दोन्ही धागे एकत्र येतात. चहातलं मुख्य कॅटेचिन म्हणजे ईजीसीजी. उंदरांवरच्या प्रयोगांत ते आतड्यातून चरबी शोषली जाणं कमी करतं आणि यकृतपेशीत एएमपीके हे एन्झाइम जागं करतं. एएमपीके म्हणजे पेशीचा जमाखर्च पाहणारा कारकून समजा: तो नवी चरबी बनवणं थांबवतो आणि साठलेली जाळायला लावतो. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत; काहींत यकृताची एन्झाइम्स थोडी उतरली, एवढंच.

मग बाजाराने विचार केला, थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं! अर्क काढला, कॅप्सूल भरल्या. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन कमी करण्यासाठीचं ‘एक्सोलाइज’ हे उत्पादन मागे घ्यावं लागलं. त्यात हिरव्या चहाचा अर्क होता आणि ते घेणाऱ्या काहींच्या यकृतालाच इजा झाली होती. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हिशेब मांडला: नेहमीच्या चहातून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं, पूरक गोळ्यांतून ८०० किंवा जास्त घेतलं, तर यकृताची एन्झाइम्स वाढताना दिसतात.

म्हणजे पदार्थ तोच, पण मात्रा आणि रूप बदललं की परिणाम उलटतो. तेव्हा कपातला बिनसाखरेचा चहा आपण खुशाल प्यावा. पण कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि वजन, आहार, चालणं यांना पर्याय म्हणून तर दोन्हींकडे पाहू नये. यकृतातली चरबी उतरवण्याचा भरवशाचा मार्ग अजून तोच आहे.