कपाटातली नोंद

१८०६ साली पॅरिसमध्ये वोकलँ आणि रोबिके यांनी आपल्या शतावरीच्याच जातकुळीतल्या अ‍ॅस्परॅगस या भाजीच्या रसातून काही स्फटिक मिळवले. ते अ‍ॅस्परजिन, माणसाला सापडलेलं पहिलं अमिनो आम्ल.

पुढे १९२२ साली क्लेमेंती या शास्त्रज्ञांनी नोंदवलं की, गिनी पिगच्या रक्तात अ‍ॅस्परजिनेज नावाचं विकर असतं. पाण्याच्या मदतीने ते अ‍ॅस्परजिनचं विघटन करतं. नोंद छापली गेली आणि कपाटात पडून राहिली.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन किड यांनी लसिकापेशींच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना गिनी पिगच्या रक्तातला द्रव टोचला. गाठी विरल्या! सशाच्या किंवा घोड्याच्या रक्ताने तसं होईना. असं का, हे कोडं १९६१ मध्ये जॉन ब्रूम यांनी सोडवलं. त्यांना ती जुनी नोंद कामी आली. निरोगी पेशी आपलं अ‍ॅस्परजिन स्वतः बनवतात. या रोगट पेशींना ते जमत नाही. त्या रक्तातल्या आयत्या शिध्यावर जगतात. विकर तो शिधाच संपवतं.

पण औषधासाठी गिनी पिग किती आणणार? १९६४ मध्ये ई. कोलाय या जीवाणूपासून मिळालेल्या विकरातही तोच गुण आढळला. आज मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर इतर औषधांच्या जोडीने ते देतात. अ‍ॅलर्जी, स्वादुपिंडाचा दाह हे धोके आहेत. तरी त्या उपचारांनी बरी झालेली मुलं आज शाळेत जातात.

क्लेमेंतींनी नोंद केली, तेव्हा कर्करोगाचा विषयही नव्हता. म्हणून म्हणतो, बिनकामाचं वाटणारं ज्ञानही जपून ठेवावं.